शस्त्रक्रियेनंतरची बालवेदना आणि घर : सोलापूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासात शस्त्रक्रियेला मानाचे स्थान आहे. भुलीचा शोध, जंतुनाशनाचा स्वीकार, रक्त देण्याची सोय, नवी रुग्णालये व नामवंत शल्यविशारद यांच्याविषयी विपुल लेखन झालेले आहे. परंतु टाके घालून झाले, रुग्ण शुद्धीवर आला आणि त्याला घरी पाठवले, की हा इतिहास थांबतो. विशेषतः रुग्ण लहान मूल असेल तर पुढच्या चार-सहा रात्रींची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. त्या रात्री जागून काढणारे आईवडील इतिहासाचे साधन मानले गेले नाहीत, हे त्याचे प्रमुख कारण होय.

प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित टप्प्याचा सोलापूरच्या संदर्भात विचार केला आहे. मुलाची वेदना ओळखण्याचे काम सर्व काळात घरानेच केले. ती शमवण्याचे साधन आणि ते वापरण्याचा अधिकार मात्र निरनिराळ्या काळी घराच्या आत-बाहेर फिरत राहिला. अलीकडे रुग्णालयातील मुक्काम कमी होत गेला, तशी वेदनेची जबाबदारी पुन्हा घरावर आली. साधन व माहिती त्या प्रमाणात आली नाही.

या विवेचनासाठी सोलापूरची निवड करण्यास कारण आहे. १८६० च्या सुमारास रेल्वे आली आणि १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजेच लोकांच्या तोंडची ‘जुनी गिरणी’, उभी राहिली. तेव्हापासून हे कष्टकऱ्यांचे शहर आहे. मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या चार भाषा येथील वस्त्यांत शेजारी शेजारी नांदतात. १९६३ मध्ये येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज ते डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. जिल्ह्यातील तालुक्यांप्रमाणेच धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गी या भागांतील रुग्णही सोलापुरात उपचारासाठी येतात. म्हणजे शस्त्रक्रिया शहरात आणि वेदना मात्र दूरच्या घरात, ही येथील नित्याची स्थिती आहे.

न बोलणाऱ्यांची वेदना

लहान मुलाला दुखते आहे हे ओळखायचे कसे, हा प्रश्न भारतीय वैद्यकाने फार पूर्वी विचारला होता. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काश्यपसंहितेत ‘वेदनाध्याय’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. ज्यांना बोलता येत नाही अशा बालकांची वेदना वैद्याने कशी जाणावी, या वृद्धजीवकाच्या प्रश्नाला काश्यपांनी दिलेले उत्तर म्हणजे हा अध्याय. डोके दुखत असेल तर मूल डोके हलवते, डोळे मिटून घेते, त्याला झोप लागत नाही. कान दुखत असेल तर दोन्ही हात कानांकडे नेते आणि खाण्यापिण्यावरची त्याची वासना उडते. पोटात कळ येत असेल तर स्तनपान नाकारते, रडते, पोट ताठ होते, तोंडावर घाम येतो. सुश्रुतसंहितेतही याच स्वरूपाची खूण दिली आहे. ज्या अवयवाला मूल वारंवार हात लावते आणि दुसऱ्याने हात लावताच रडते, तेथे दुखणे आहे असे समजावे.

ही लक्षणे वैद्याने पाहिली असे ग्रंथ सांगतात. पण मूल रात्री किती वेळा दचकले, दूध कधी नाकारले, हे वैद्याला सांगितले कोणी असेल? ग्रंथात नोंदलेले हे ज्ञान मुळात आई, दाई व धात्री यांचे असले पाहिजे. काश्यपांनी त्याला शास्त्राची शिस्त दिली, एवढे म्हणता येईल.

सुश्रुतसंहितेतील दोन उल्लेख शस्त्रक्रियेच्या संदर्भात अधिक महत्त्वाचे आहेत. शस्त्राच्या घावाने झालेली वेदना ज्येष्ठमध घालून कोमट केलेल्या तुपाचे सिंचन केल्याने शांत होते, असे तेथे म्हटले आहे. शस्त्रकर्मानंतरच्या वेदनेचा हा स्वतंत्र विचार आहे. दुसरा उल्लेख कर्णवेधाचा. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात बालकाला धात्रीच्या मांडीवर बसवावे, खेळणी दाखवून त्याचे मन रमवावे आणि मग कान टोचावा, अशी ती सूचना आहे. मुलाचे लक्ष दुसरीकडे वळवणे हा वेदना कमी करण्याचा मान्य उपाय आहे, असे आजचे बालवैद्यक सांगते. सोलापूरच्या सराफ कट्ट्यावर मांडीवरच्या बाळापुढे खुळखुळा वाजवणाऱ्या आजीला हे कोणत्याही ग्रंथाने शिकवलेले नव्हते.

सोनार, हजाम आणि विधीनंतरची रात्र

रुग्णालये येण्यापूर्वी मुलांवर होणाऱ्या शस्त्रकर्मांपैकी बहुतेक विधींच्या रूपात होती. सोनाराने कान टोचावेत, मुस्लिम कुटुंबांत हजामाने सुंता करावी, गळू झाल्यास गावातील जाणत्याने ते फोडावे, अशी व्यवस्था होती. १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा खंड सोलापूर जिल्ह्याचा आहे. त्यात जातिजमातींच्या जन्मसंस्कारांची तपशीलवार वर्णने येतात. वर्णनाचा भर विधी, मानपान, भोजन व खर्च यांवर आहे. वसाहतकालीन अधिकाऱ्याला रूढी हवी होती; विधीनंतर मूल कसे झोपले याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

ही व्यवस्था आदर्श होती असे मानण्याचे कारण नाही. जखमा चिघळत, धनुर्वात होई, मुले दगावत. तथापि तिचे एक वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे. शस्त्र चालवणारा माणूस काम संपताच निघून जाई, आणि पुढचे सर्व काही घराच्या हाती असे. तेल, तूप, हळद, धुरी, सैल कपडा, मांडी, गाणे, पाहुण्यांची वर्दळ ही घराची साधने होती. त्यांतली काही उपयोगी, काही निरुपयोगी व काही घातक होती. पण ती घराच्या ओळखीची होती. कोणते कधी वापरायचे हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया ठरवीत. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढण्याचाही याच साधनांत समावेश करावा लागेल. त्याने जखमेला काही होत नसे, परंतु घाबरलेल्या आईचा हात स्थिर होत असे, आणि आईचा हात स्थिर झाला म्हणजे मूलही शांत होते.

वडिलांचा उल्लेख या सर्व वर्णनांत क्वचित येतो. सुंतेच्या वेळी मुलाला धरून बसणारा मामा किंवा चुलता पुरुष असे. रात्र मात्र स्त्रियांची असे.

अफूची गोळी

घराच्या हाती असलेले सर्वांत प्रभावी वेदनाशामक अफू हे होते. पश्चिम भारतात तान्ह्या मुलांना अफू देण्याची प्रथा होती आणि १८९३ ते १८९५ या काळात काम करणाऱ्या शाही अफू आयोगापुढे तिच्याविषयी साक्षी झाल्या. गिरण्या वाढल्या तसे या प्रथेचे स्वरूप पालटले. पाळीवर जाणारी आई मुलाला ‘बाळगोळी’ देऊन निजवू लागली. १९२२ मध्ये मुंबईत डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी केली. त्यांच्या ९८ टक्के तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी नमूद केले. १९२९ मध्ये नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही श्रम आयोगानेही या प्रथेची गंभीर दखल घेतली. हे आकडे व निरीक्षणे मुख्यतः मुंबईसंबंधी आहेत. ती जशीच्या तशी सोलापूरला लावणे योग्य होणार नाही. मात्र सोलापूरच्या गिरण्यांतही स्त्रिया काम करीत आणि त्यांचीही मुले घरी असत.

बाळगोळीने मूल झोपत असे, परंतु भूकही मरत असे, श्वास मंदावत असे, आणि काही मुले पुन्हा जागी होत नसत. सुधारकांनी व सरकारने या प्रथेविरुद्ध घेतलेली भूमिका सर्वस्वी योग्य होती. मात्र तिचा एक दूरगामी परिणाम दुर्लक्षित राहिला. ‘मुलाला गुंगीचे औषध देणारी आई’ ही निंदेची प्रतिमा तयार झाली आणि वेदनाशामक व नशा यांतील सीमारेषा लोकांच्या मनात पुसट झाली. शस्त्रक्रियेनंतर मुलाला दुखण्यावरचे औषध देताना ‘सवय लागेल’, ‘मूल सुस्त होईल’ अशी भीती आजही अनेक घरांत व्यक्त होते. तिची मुळे केवळ अज्ञानात नाहीत. या इतिहासातही ती शोधावी लागतील.

पुढे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने चक्र पूर्ण उलटे फिरले. परवान्यांच्या जाचक अटींमुळे देशातील औषधी मॉर्फिनचा वापर पुढील दशकभरात नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अटी सैल झाल्या. ज्या अफूची गोळी एकेकाळी कष्टकऱ्यांच्या घरात सहज मिळत होती, तिचे शुद्ध औषधी रूप मधल्या तीस वर्षांत अनेक रुग्णालयांनाही मिळेनासे झाले होते.

भूल आणि नंतर

१८४६ च्या ऑक्टोबरमध्ये बोस्टन येथे इथरचा यशस्वी प्रयोग झाला आणि पुढील वर्षी मार्चमध्ये कलकत्त्यात इथर वापरले गेले. १८४७ च्या नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म आले. सोलापूरहून वाडीमार्गे रेल्वेने जोडलेल्या हैदराबादेत निजामाच्या आश्रयाने १८८८ व १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. क्लोरोफॉर्मने आधी हृदय बंद पडते की श्वास, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. भूल देताना रुग्ण मरू नये यासाठी एवढा खटाटोप झाला. भूल उतरल्यावरच्या वेदनेसाठी असा आयोग कोठेही बसला नाही.

येथे भाषेचा साक्षीपुरावा पाहण्यासारखा आहे. मराठीने या नव्या विद्येला ‘भूल’ हा सुंदर शब्द दिला. विसर, मोह, चूक या सर्व छटा त्यात आहेत. भूल उतरल्यानंतरच्या अवस्थेसाठी मात्र मराठीत वेगळा शब्द घडला नाही. दुखण्याच्या प्रकारांना शब्दांची वाण नाही. कळ, ठणका, सल, चमक, आग, हुळहुळ असे कितीतरी आहेत. परंतु लहान मुलाच्या तोंडी यांपैकी एकही नसतो. त्याच्याजवळ एकच शब्द असतो, ‘बाऊ’. मोठ्यांच्या भाषेत ‘बाऊ करणे’ म्हणजे क्षुल्लक गोष्टीचे अवडंबर माजवणे. मुलाने वेदनेसाठी वापरलेला शब्द मोठ्यांनी अतिशयोक्तीसाठी वापरावा, हा योगायोग असेल. पण तो बोलका आहे.

मुलांच्या वेदनेविषयीचा अविश्वास मराठी घरापुरता मर्यादित नव्हता. आधुनिक वैद्यकाने तो शास्त्र म्हणून जोपासला. अमेरिकेत जोआन ईलंड यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या २५ मुलांना मिळून वेदनाशामकाच्या अवघ्या २४ मात्रा मिळाल्या होत्या. १३ मुलांना एकही नाही. तुलनेसाठी घेतलेल्या १८ प्रौढांना ६७१ मात्रा मिळाल्या होत्या. नवजात बालकांची मज्जासंस्था अपक्व असल्याने त्यांना वेदना होतच नाही, असे मानून त्यांच्यावर पुरेशा भुलीशिवाय शस्त्रक्रिया केल्या जात. १९८५ मध्ये वॉशिंग्टन येथे अपुऱ्या दिवसांच्या एका बाळावर अशीच शस्त्रक्रिया झाली. त्याच्या आईने पुढे हे जाहीरपणे मांडले, तेव्हा अमेरिकेत खळबळ उडाली. १९८७ मध्ये भारतीय वंशाचे डॉ. कंवलजीतसिंग आनंद व त्यांचे सहकारी यांनी नवजात बालकालाही वेदना होते आणि तिचे शरीरावर गंभीर परिणाम होतात, हे सप्रमाण दाखवले. वेदनाध्यायाने गृहीत धरलेली गोष्ट अशा रीतीने पुन्हा सिद्ध करावी लागली.

रुग्णालयांच्या बाबतीत भारत आणि युरोप यांच्यातील एक फरक नोंदवणे आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ आईवडिलांना मुलांच्या वॉर्डात ठराविक वेळीच प्रवेश असे. १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढला आणि १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने पालकांना मुक्त प्रवेश द्यावा अशी शिफारस केली. आपल्याकडे हा प्रश्न त्या रूपात उद्भवलाच नाही. येथील सरकारी वॉर्डात नातेवाईक नसतील तर रुग्णाचे चालतच नाही. खाटेखाली सतरंजी, शेजारी भाकरीचे फडके, उशाशी आई हे दृश्य परिचारिकांच्या अपुऱ्या संख्येतून निर्माण झाले. पण जे युरोपाला समिती नेमून मिळवावे लागले ते येथील मुलाला गैरसोयीतून आपोआप मिळाले. आईला तेथे राहू दिले. औषधाविषयी विश्वासात घेतले असे मात्र नाही. दर सहा तासांनी येणारी सुई कशासाठी आहे हे तिला क्वचितच सांगितले जाई, आणि सुईच्या धाकाने ‘दुखत नाही’ म्हणणारे मूल औषधाविना राही.

पहिले दहा दिवस

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना महाराष्ट्रातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या पहिल्या आठांत सोलापूर होते. पुढे ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. १९९७ च्या मूळ जीवनदायी योजनेत मोजक्याच आजारांचा समावेश होता. नव्या योजनेत नऊशेहून अधिक उपचार आले. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. शाळा-अंगणवाड्यांत तपासणी होऊन दुभंगलेले ओठ, वाकडे पाय, हृदयातील छिद्रे असलेली मुले शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचू लागली. ज्या घरांतील मुलांवर पूर्वी शस्त्रक्रिया होतच नसे, त्या घरांत शस्त्रक्रियेनंतरचे दिवस प्रथमच आले. या योजनांचे श्रेय निःसंशय मोठे आहे.

राजीव गांधी योजनेच्या पॅकेजमध्ये घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी व औषधे यांचा अंतर्भाव करण्यात आला. शस्त्रक्रियेनंतरचे घर शासनाच्या कागदावर प्रथमच, दहा दिवसांपुरते का होईना, आले. पण त्या दहा दिवसांत घरी काय घडते?

करमाळ्यासारखा तालुका सोलापुरापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. एस.टी.च्या धक्क्यांत टाक्यांवर ताण येतो. निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास औषध द्यावे हे कोणी सांगितलेले नसते. घरी पोहोचल्यावर कार्ड उघडले जाते. ते बहुधा इंग्रजीत असते. जंतुनाशक औषधापुढे वेळा लिहिलेल्या असतात. वेदनाशामकापुढे मात्र ‘एस.ओ.एस.’ ही तीन अक्षरे असतात. ‘गरज पडल्यास’ असा त्यांचा अर्थ. गरज केव्हा पडली हे ठरवायचे आईवडिलांनी. आणि मूल किंचाळेपर्यंत गरज नाही, असाच त्याचा अर्थ घरात लावला जातो. वस्तुतः पहिल्या दोन-तीन दिवसांत ठराविक वेळी औषध दिल्यास वेदना आटोक्यात राहते; वाढलेली वेदना खाली आणणे कठीण असते.

चमच्याचा प्रश्न याहून बिकट आहे. पॅरासिटामॉलचे पातळ औषध भारतात ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा शक्तींत मिळते. तान्ह्यांसाठीचे थेंब तर १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमचे असतात. १२ किलो वजनाच्या मुलाला दर किलोस १५ प्रमाणे १८० मिलिग्रॅम लागतात. पहिल्या बाटलीतून ते साडेसात मिलिलिटर होतात, दुसरीतून साडेतीनच्या आसपास. ‘एक चमचा द्या’ हे वाक्य एका बाटलीने अपुरे आणि दुसरीने प्रमाणाबाहेर ठरते. कोणते औषध द्यावे याविषयीही पालकांना धरसोड अनुभवावी लागली. मुलांच्या तापावर व दुखण्यावर सर्रास दिले जाणारे निमेसुलाईड २०११ मध्ये १२ वर्षांखालील मुलांसाठी बंद करण्यात आले. २०१३ मध्ये अमेरिकेत टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर मुलांना कोडीन देण्याविरुद्ध कडक इशारा देण्यात आला. काल विश्वासाने दिलेले औषध आज धोक्याचे ठरते, हे पाहिलेल्या घराने उरलेल्या औषधांकडेही संशयाने पाहिले तर नवल नाही. त्यातच ‘गोळ्या उष्ण पडतात’ ही समजूत आहे, आणि जखमेत पू होईल म्हणून भात, बटाटा, वांगे, डाळ बंद करण्याचे पथ्यही आहे. ताकद भरून येण्याच्या दिवसांत मूल अर्धपोटी राहते.

कॅनडातील हॅलिफॅक्स येथे फिन्ले, मॅग्राथ व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या ठिकाणी विचारात घ्यावा लागतो. तथाकथित किरकोळ शस्त्रक्रियांनंतर घरी गेलेल्या मुलांच्या पालकांनी तीन दिवस नोंदी ठेवल्या. मुलाला बरेच दुखते आहे हे पालकांनी ओळखले, तरीही औषध अपुरे दिले. संपन्न व सुशिक्षित समाजातही ओळखणे व शमवणे यांमध्ये हीच दरी आढळली. त्याच गटाने पालकांसाठी पंधरा खुणांची यादी तयार केली. नेहमीपेक्षा कमी खेळते का, कमी जेवते का, दुखरा भाग धरून ठेवते का, जवळच राहू पाहते का, असे साधे प्रश्न त्यात आहेत. पंधरापैकी सहा खुणा दिसल्या तर वेदना लक्षणीय समजावी. वेदनाध्याय वाचलेल्या अभ्यासकाला ही यादी परकी वाटणार नाही. सोलापुरात ती उपयोगात आणायची तर भाषांतर एका भाषेत करून भागणार नाही. ‘दुखते’ हे कन्नड घरात ‘नोवू’ आहे, तेलुगू घरात ‘नोप्पी’, उर्दू घरात ‘दर्द’.

शहराच्या पूर्व भागातील विडी कामगारांच्या घरांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. कारखान्यातून तेंदूपत्ता व तंबाखू आणायची, घरी विड्या वळायच्या आणि मोजून परत द्यायच्या, हा येथील हजारो स्त्रियांचा व्यवसाय आहे. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. या कामगारांसाठी १९७६ च्या कल्याण निधी कायद्याखाली दवाखान्यांची तरतूद झाली. पण शस्त्रक्रिया झालेले मूल मांडीवर असताना सूप मांडीवर घेता येत नाही, आणि तंबाखूची भुकटी उडणाऱ्या खोलीत ताजी जखम ठेवणेही बरे नाही. वडील यंत्रमागावर रात्रपाळीला असतील तर रात्रीची मात्रा देण्यासाठी उठणे आईकडेच येते, आणि सकाळी हजाराचा हिशेब तिची वाट पाहत असतो. योजनेने शस्त्रक्रियेचा खर्च उचलला, औषधाचाही दहा दिवस उचलला; न वळलेल्या विड्यांची मजुरी मात्र कोणत्याही पॅकेजमध्ये येत नाही. मूल रडत असताना त्याला उचलून घ्यायचे की आणखी शंभर विड्या पुऱ्या करायच्या, हा निर्णय त्या घरात रोज घ्यावा लागतो, आणि मूल लवकर शांत झोपले तर दोन्ही साधते. १९२२ च्या पाहणीतील गिरणीकामगार स्त्रीसमोर हाच हिशेब होता. तिच्याजवळ बाळगोळी होती, हिच्याजवळ कार्डावरची तीन अक्षरे आहेत.